उंदराच्या मिशा आणि मेंदूतली पिंपं



आज बोलायचं आहे उंदराबद्दल. धान्य कुरतडणारा, कपडे फाडणारा, आपल्या रोजच्या वैतागाचा हा प्राणी. पण त्याच्या मेंदूने शास्त्रज्ञांना एक मोठी गोष्ट शिकवली, आणि ती आपल्या तान्ह्या बाळांसाठीही कामाची आहे.

उंदीर फिरतो रात्री, मिट्ट काळोखात. मग त्याला भिंत कुठे, फट केवढी, हे कळतं कसं? मिशांनी. चालताना तो मिशा सतत पुढे-मागे हलवतो, एका सेकंदात दहाच्या आसपास वेळा. आपण तांदूळ निवडताना खडा बोटांना लागतो ना, तसं त्याचं सगळं चाचपणं मिशांनी चालतं. मिशीच्या केसाला स्वतःला काही कळत नाही. केस हलला की त्याच्या मुळाशी असलेल्या नसांना कळतं. तिथून निरोप निघतो आणि दोन ठिकाणी थांबे घेत मेंदूच्या वरच्या सालीपर्यंत पोचतो. डाव्या गालाचा निरोप उजव्या मेंदूत जातो आणि उजव्या गालाचा डाव्या.

ही साल उंदरात जेमतेम एक मिलिमीटर जाडीची. पण तिच्यात पेशींचे सहा थर असतात. अमेरिकेत बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात थॉमस वूल्सी आणि हेंड्रिक व्हॅन डर लूस हे दोघे या थरांचा अभ्यास करत होते. भेंडी उभी चिरली तर लांब फाकी दिसतात, आडवी चिरली तर आतली घरं दिसतात. या दोघांनी मेंदूची साल अशीच पृष्ठभागाला समांतर कापून पाहिली. तेव्हा चौथ्या थरात पेशींची गोल गोल घरं ओळीने मांडलेली दिसली. आकार पिंपासारखा, म्हणून १९७० साली त्यांनी नाव दिलं ‘बॅरल’, म्हणजे पिंप.

एका पिंपाची रचना कशी असते? आपल्या गटाची बैठक डोळ्यांपुढे आणा. सगळ्याजणी गोल करून बसतात, तोंडं मध्याकडे. तशाच पेशी कडेने दाटीने बसलेल्या असतात आणि आपल्या फांद्या मध्याकडे पसरतात. मध्ये विरळ जागा. मिशीचा निरोप आणणारे धागे तिथेच येऊन पोचतात. छोट्या उंदराच्या एका मोठ्या पिंपात अशा दीड-दोन हजार पेशी असतात.

आता खरी गंमत ऐका. गालावर मोठ्या मिशांच्या पाच ओळी, आणि मेंदूतही पिंपांच्या पाच ओळी. प्रत्येक मिशीला तिचं स्वतःचं पिंप, शेजारणीच्या शेजारी शेजारीण. गालाचा जणू नकाशाच मेंदूत काढलेला.

हा नकाशा जन्मापासून तयार असतो का? १९७३ साली त्याच दोघांनी दाखवून दिलं की नाही. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या मिशीचं मूळच नष्ट केलं, तर मेंदूत त्या मिशीचं पिंप तयार होत नाही. ओळच्या ओळ गेली, तर तिची जागा शेजारच्या ओळी व्यापतात. पण पिल्लू आठवडाभराचं झाल्यावर तीच इजा झाली, तर पिंपं जागच्या जागी राहतात. म्हणजे नकाशा आखला जातो तो पहिल्या काही दिवसांत. मूळ शाबूत ठेवून मिशी नुसती कापत राहिलं, तर पिंप तयार होतं, पण त्यातल्या पेशींचं काम बदलतं.

आपल्याला अशा मिशा नाहीत आणि अशी पिंपंही नाहीत. पण आपल्या मेंदूतही शरीराचा नकाशा असतो. त्यात बोटांना आणि ओठांना भरपूर जागा असते, पाठीला थोडी. आणि वेळेची गोष्ट आपल्यालाही लागू आहे, फक्त आपला काळ दिवसांचा नसून महिन्यांचा आणि वर्षांचा असतो. ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजरीच्या पिल्लांवर अभ्यास करून दाखवलं, की कोवळ्या वयात एक डोळा बंद राहिला तर मेंदू त्या डोळ्याने पाहायला नीट शिकत नाही. त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

म्हणूनच एखाद्या बाळाला जन्मतः मोतीबिंदू असेल, तर ‘मोठं झाल्यावर बघू’ म्हणून चालत नाही. पुढे शस्त्रक्रियेने डोळा स्वच्छ झाला, तरी मेंदूची शिकण्याची वेळ निघून गेलेली असते. बाळाच्या बुबुळात पांढरा ठिपका दिसला, मोठ्या आवाजाला बाळ दचकत नसलं, तीन महिन्यांचं होऊनही नजर खिळवत नसलं, तर नवस आणि दृष्ट काढण्यात दिवस घालवू नका. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांना सांगा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत होतात.

घाबरून मात्र जाऊ नका. मेंदू आयुष्यभर शिकत राहतो. साठाव्या वर्षी सही करायला शिकलेल्या आज्या आपल्या गटांत आहेत. पण डोळा आणि कान यांचा पाया लहानपणी भरला जातो. तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं एक काम करा: वाडीवस्तीवर या वर्षी जन्मलेली बाळं किती आणि त्यांतल्या कोणाची तपासणी राहिली, याची यादी करा. राहिलेल्या बाळाच्या आईला सोबत घेऊन आरोग्य केंद्रात जा.