हात न लावलेली गाडी

निसानने १९७३ च्या जानेवारीत स्कायलाइनची नवी जीटी-आर विकायला काढली आणि एप्रिलपर्यंत ती बंदही करून टाकली. जपानमध्ये धुराचे नियम कडक होत होते आणि शर्यतीच्या घराण्यातलं तिचं इंजिन त्या नियमांत बसणारं नव्हतं. जेमतेम १९७ गाड्या बनल्या. आज ती गाडी विकायला निघाली की जमवणारे पुढे सरसावतात. टोयोटाच्या २०००जीटीचंही तसंच. यामाहाच्या साथीने बनवलेली ही ठेंगणी, लांब नाकाची गाडी १९६७ ते १९७० या काळात अवघी ३५१ निघाली. त्यांतली एक, अमेरिकी शर्यतपटू कॅरल शेल्बीच्या चमूने शर्यतीत उतरवलेली, २०२२ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात २५ लाख ३५ हजार डॉलरला गेली.

नग कमी म्हणून भाव जास्त, हे समजायला सोपं आहे. पण हा हिशेब १९८९ साली आलेल्या आर-३२ पिढीच्या जीटी-आरला लावून बघा. त्या गाड्या जवळजवळ ४४ हजार निघाल्या, आणि तरीही त्यांचे भाव चढतच आले. दुर्मीळ नसलेली गाडी दुर्मीळ कशी होते, ते इथे कळतं.

आधी जपानमधलं चित्र. तिथे ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या गाडीला तीन वर्षांनी पहिली, मग दर दोन वर्षांनी. आपल्या पासिंगसारखीच, पण खिशाला चांगलाच चटका देणारी. तपासणी, विमा, कर आणि दुरुस्ती धरून बिल सहज लाखभर येनच्या घरात जातं. त्यामुळे गाडी उत्तम चालत असली तरी शाकेनची तारीख जवळ आली की मालक हिशेब मांडतो, आणि बरेचदा गाडी लिलावात जाते.

हे लिलाव व्यापाऱ्यांचे. तिथे प्रत्येक गाडीसोबत एक कागद असतो, आणि सगळा व्यवहार त्या कागदावर चालतो. वरच्या कोपऱ्यात दर्जाचा आकडा. चार किंवा साडेचार म्हणजे नीट राखलेली. आकड्याच्या जागी ‘आर’ दिसला तर गाडी ठोकली गेली होती आणि सांगाड्याचं काम झालेलं आहे. खाली गाडीची उलगडलेली आकृती, तिच्यावर बारीक खुणा: ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे डेंटिंग केल्यावर पत्र्यावर राहिलेली लाट, ‘एस’ म्हणजे गंज, आणि ‘एक्स’च्या दोन खुणा म्हणजे तो भागच बदललेला. आपल्याकडे विकणारा छातीठोकपणे ‘एकदम ओरिजिनल’ म्हणतो, ते तिथे तिऱ्हाईत तपासनीस अक्षरांत लिहून देतो. हजारो मैलांवरचा माणूस गाडीला हात न लावता बोली लावतो ती या कागदाच्या भरवशावर.

आता दुसरं टोक, अमेरिका. जी गाडी तिथल्या सुरक्षा नियमांप्रमाणे बनलेली नाही, ती १९८८ च्या कायद्यामुळे सहजासहजी आत आणता येत नाही. मात्र २५ वर्षं झाली की ती अट सुटते. वय मोजलं जातं ते गाडी बनल्याच्या तारखेपासून, म्हणून एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांपैकी एक या महिन्यात मोकळी होते, दुसरी पुढच्या. आर-३२ चं दार २०१४ मध्ये उघडलं. जीटी-आरची आर-३४ ही पिढी १९९९ ते २००२ पर्यंत निघाली, तिचं दार २०२४ च्या सुरुवातीला. व्यापाऱ्यांनी या तारखा आधीच हेरून ठेवल्या होत्या. काहींनी गाड्या वेळेआधी विकत घेऊन जपानमध्येच गोदामात ठेवल्या. भाव चढायला सुरुवात होते ती दार उघडण्याच्या आधी, उघडल्यावर नव्हे. आणखी एक बारकावा. धुराच्या नियमांतून सूट मिळते २१ वर्षांनंतर, पण इंजिन मूळ अवस्थेत असेल तरच.

आणि मूळ अवस्थेतली गाडी मिळणं हीच सगळ्यात अवघड गोष्ट. १९८९ पासून जपानी कंपन्यांमध्ये एक अलिखित समझोता होता: २८० अश्वशक्तीच्या वरचा आकडा कुणी जाहीर करायचा नाही. तो २००४ पर्यंत टिकला. कागदावर आकडा बांधलेला असला तरी इंजिनं मात्र भक्कम बनवली जात. आर-३२ चं सव्वीसशे सीसीचं इंजिन काय, नव्वदच्या दशकातल्या टोयोटा सुप्राचं तीन लिटरचं काय, दुप्पट ताकद पेलतील अशीच घडण. तरुणांच्या हे लक्षात यायला कितीसा वेळ लागणार? टर्बो बदलले, सायलेन्सर बदलले, बंपर कापले, स्प्रिंगा आखूड करून गाड्या खाली बसवल्या. कित्येक घाटात आणि शर्यतीच्या ट्रॅकवर संपल्या. ४४ हजारांतून कारखान्याच्या रंगात, कारखान्याच्या चाकांवर आणि सर्व्हिस बुकासकट किती उरल्या असतील याचा अंदाज करा. त्या काळी जिच्यात काहीच बदललं नाही ती कंटाळवाणी गाडी, आणि आज जमवणारे तीच शोधत फिरतात.

पैसा कुठून येतो, तेही बघायला हवं. माणूस बाराव्या-तेराव्या वर्षी ज्या गाडीच्या प्रेमात पडतो ती चाळिशीत विकत घेतो. प्लेस्टेशनवरचा ग्रान टुरिस्मो हा खेळ १९९७ च्या अखेरीस जपानमध्ये आला. ‘फास्ट अँड फ्युरियस’चा पहिला चित्रपट २००१ चा. हे खेळत-बघत वाढलेल्या मुलांचे पगार आता वाढले आहेत. टोयोटाची एई-८६ ही तर सोळाशे सीसीची साधी मागच्या चाकांवर चालणारी गाडी, पण ‘इनिशियल डी’ या चित्रकथेत टोफू पोहोचवणारा पोरगा ती घाटात पळवतो, आणि तेवढ्यावर तिचं नशीब पालटलं. ‘फास्ट अँड फ्युरियस’चा नट पॉल वॉकर याने चित्रपटात चालवलेली आर-३४ २०२३ मध्ये १३ लाख ५७ हजार डॉलरला गेली, पण तो भाव गाडीचा कमी, माणसाचा जास्त. तो बाजारभाव समजून कुणी गणित मांडू नये.

मग पुढे कोण? माझा पहिला कौल होंडा एस२००० ला. टर्बो नाही, फक्त सहा गिअरची मॅन्युअल, आणि मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत चढणारं दोन लिटरचं इंजिन. अशी गाडी आता कुणी बनवणार नाही. माझदाची एझेड-१ ही पंखासारखी दारं वर उघडणारी, इंजिन सीटमागे असलेली ६६० सीसीच्या वर्गातली खेळण्याएवढी गाडी. ती जेमतेम साडेचार हजारांच्या आत निघाली. टोयोटाची बारा सिलिंडरची सेंच्युरी हा माझा वेडा कौल: कातड्याच्या सीटा करकरतात म्हणून लोकरी कापड पसंत करणाऱ्या साहेबांची गाडी. पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ मला मनापासून आवडते, पण ती चार लाखांवर बनली. साध्या नगाला मोठा भाव यायला फार वाट बघावी लागेल.

कौल देताना एक गोष्ट तपासावीच लागते: सुटे भाग. पत्रा ठोकून सरळ करता येतो, पण नव्वदच्या दशकातल्या कंट्रोल युनिटमधले कपॅसिटर पाझरून सर्किट खाऊन टाकतात. निसानने २०१७ च्या अखेरीस आर-३२ चे भाग पुन्हा बनवायला घेतले आणि टोयोटाने २०२० पासून २०००जीटी आणि सुप्रासाठी तेच केलं. ज्या गाडीमागे कंपनी अशी उभी नाही, ती स्वस्त मिळाली तरी दोनदा विचार करावा.

आपल्याकडे या गाड्या फारशा आल्याच नाहीत, पण एक जपानी घराण्यातली गाडी मात्र दारोदार होती. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८००, म्हणजे मुळात सुझुकीची अल्टो. १९८६ मध्ये तिचा साचा बदलला, त्यामुळे आधीच्या चौकोनी एसएस-८० चं आयुष्य तीनच वर्षांचं. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या आणि मोठे फेरफार न केलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. पहिल्या एसएस-८० त्या वयाला पोहोचतील डिसेंबर २०३३ मध्ये. पण पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने पासिंग करायचं, गॅस किट बसवायचं, गंजलेला तळ कापून नवा पत्रा जोडायचा आणि वर लाल नाहीतर चंदेरी रंग मारायचा, या सगळ्यातून सुटलेली किती सापडतील? कुणाच्या वाड्याच्या पडवीत एखादी उभी असेलच, तर रंग मारायच्या आधी तिचा आरसी बुकातला रंग एकदा वाचून घ्या.