एकादशीचा फराळ आणि द्वादशीचे पोट

ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या भवानी पेठेतील आणि नाना पेठेतील आपापल्या विठोबा मंदिरांतला मुक्काम आटोपून पुढे मार्गस्थ झाल्या, की पुणे शहरास आषाढीचे वेध लागतात. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात करमाळ्याकडची आणि बेळगावकडची रताळी उतरू लागतात. किराणा दुकानांत साबुदाण्याचे पोते मागच्या कोपऱ्यातून दर्शनी भागी येते. कांदेनवमीला भजी, झुणका, थालीपीठ असा यथासांग समारंभ करून कांद्याला चार महिन्यांचा निरोप दिला जातो. आणि एकादशीच्या सकाळी पेठापेठांतील वाड्यांतून (वाडे आता उरले किती? सोसायट्यांच्या जिन्यांतून म्हणू) तुपात जिरे-मिरचीची फोडणी बसल्याचा तो ओळखीचा वास दरवळू लागतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, तो गृहस्थ पुण्याचा नसला तरी पुण्यात जेवून गेलेला असावा, अशी आमची समजूत आहे.

एकादशीचे हे वर्णन दरवर्षी छापून येते. द्वादशीच्या सकाळचे मात्र कोणी लिहीत नाही. त्या सकाळी घरातील वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालून येरझारा घालीत असतात, कोणी कोमट पाणी पितो, कोणी त्रिफळ्याची डबी शोधतो, आणि कोपऱ्यावरच्या औषधविक्रेत्याकडे जुनी गिऱ्हाइके हलक्या आवाजात काही मागत असतात. पोटाला विसावा मिळावा म्हणून योजलेल्या दिवसाची अखेर पोटाच्या तक्रारीत व्हावी, हा विरोधाभास आम्हांस अनेक वर्षे खटकत आला आहे.

त्याचे मूळ बहुतांशी साबुदाण्यात आहे. साबुदाणा म्हणजे टॅपिओका या कंदाचे जवळजवळ शुद्ध पिष्ट. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांबरोबर तो भारताच्या किनाऱ्यावर आला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तमिळनाडूतील सेलम परिसरात त्याच्यापासून साबुदाणा करण्याचा उद्योग सुरू झाला. कंद किसून, धुऊन, गाळून जे पांढरे सत्त्व खाली बसते, त्याच्या या गोळ्या. त्या धुण्या-गाळण्यात चोथाही जातो आणि क्षारही जातात. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात मॅग्नेशियम उरते ते अवघे १ मिलिग्रॅमच्या आसपास. प्रौढ माणसास दिवसाकाठी सुमारे ३०० ते ४५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागते, हे ध्यानी घेतले म्हणजे या एका आकड्याचा अर्थ कळतो.

मॅग्नेशियमची आमची पहिली ओळख शाळेच्या प्रयोगशाळेतली. मास्तरांनी चिमट्यात धरलेली राखी रंगाची फीत पेटविली आणि डोळे दिपविणारा शुभ्र प्रकाश पडला, एवढेच त्या दिवशी मनावर ठसले. हाच धातू आपल्या हाडांत आहे, रक्तात आहे, ताटातल्या पालेभाजीत आहे, हे पुष्कळ उशिरा उमगले. १८०८ साली हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने तो प्रथम वेगळा केला. पानांच्या हिरव्या रंगाचे जे द्रव्य, त्याच्या प्रत्येक कणाच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. हरितद्रव्यावर मूलगामी संशोधन करणाऱ्या रिचर्ड विलश्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञास १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हिरवी भाजी खा, असे आजी सांगत असे तेव्हा तिला हे ठाऊक नव्हते. सांगणे मात्र बरोबर होते.

प्रौढाच्या शरीरात हे मॅग्नेशियम असते साधारण २५ ग्रॅम, म्हणजे पाच चहाचे चमचे भरतील न भरतील इतके. त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत. उरलेले स्नायूंत आणि इतर पेशींत राबत असते; रक्तरसात एक टक्काही नाही. शरीरातील तीनशेंहून अधिक पाचक व अन्य विकरांच्या कामात त्याचा हात आहे. पेशीला ऊर्जा पुरविणारे एटीपी नावाचे द्रव्यदेखील मॅग्नेशियमशी जोडले गेल्यावाचून कामास येत नाही. आतड्यांचे काम तर लयीचे: भिंतीतील स्नायू आकुंचन पावतात, सैल पडतात, पुन्हा आकुंचतात, आणि अन्न पुढे सरकते. आकुंचनास कॅल्शियम लागते, सैल पडण्यास मॅग्नेशियमचे साहाय्य होते. टाळ वाजविणारा जसा दोन ठोक्यांमधला अवकाश सांभाळतो, तसे हे काम आहे. आणि आहारातले सारेच मॅग्नेशियम रक्तात शोषले जात नाही. साधारण तिसरा हिस्सा किंवा किंचित अधिक शोषला जातो, बाकीचे आतड्यांतूनच पुढे जाते. त्याचे क्षार मोठ्या प्रमाणात पोटात गेले तर ते आपल्याभोवती पाणी धरून ठेवतात आणि मळ मऊ होतो. पांढऱ्या बाटलीतल्या औषधाचा गुण येतो तो याच कारणाने.

येथे एक खुलासा करणे आम्ही कर्तव्य समजतो. मॅग्नेशियम खाल्ले की पोट साफ, इतके हे सोपे नाही. जेथे ते भरपूर असते, त्या दाण्यांत, पाल्यांत आणि बियांत चोथाही भरपूर असतो. मोठ्या आतड्यातील उपकारक जंतू त्या चोथ्यावर जगतात, आणि त्यापासून ते जी आम्ले तयार करतात त्यांवर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. तेव्हा श्रेय कोणाचे किती, याची वाटणी करीत बसण्यात अर्थ नाही. साबुदाण्यात दोन्ही नाहीत, हा मुद्दा.

मग उपवासाच्या पानात दोन्ही कोठे आहेत? उत्तर आपल्याच फडताळात आहे: राजगिऱ्यात. शंभर ग्रॅम राजगिऱ्यात सुमारे २५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि सहा-सात ग्रॅम चोथा. पाऊणशे ग्रॅम पिठाची दोन थालीपिठे खाल्ली तर दिवसाच्या गरजेचा मोठा वाटा तेथेच भागतो. तेवढ्याच साबुदाण्याच्या खिचडीत जे काही पन्नासेक मिलिग्रॅम भरते, ते साबुदाण्याचे नसून दाण्याच्या कुटाचे व बटाट्याच्या फोडींचे असते. कारण शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १७० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आहे. खिचडीत कूट कमी पडले म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाईंच्या बाजूने निदान या बाबतीत शास्त्र उभे आहे.

राजगिरा हा भारतीय आणि साबुदाणा तेवढा परका, असा गैरसमज मात्र कोणी करून घेऊ नये. राजगिऱ्याचे दाणे देणारे पीक, शेंगदाणा, बटाटा, रताळे, हिरवी मिरची ही सारी मंडळी अमेरिका खंडातून आलेली. मेक्सिकोतील अझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करीत आणि सणाच्या दिवशी त्यांचा प्रसाद वाटून घेत. स्पॅनिश राज्यकर्त्यांना ते रुचले नाही. तिकडे देवाच्या रूपाने मिरवलेला हा दाणा इकडे देवाच्या दिवशी चालतो, हा योगायोग आम्हांस मोठा गोड वाटतो.

चातुर्मास आणि पचन यांचा संबंध आपल्या पूर्वजांच्या ध्यानी आला होता. वर्षाऋतूत जठराग्नी मंद होतो, असे आयुर्वेदाच्या ग्रंथांतील ऋतुचर्येत सांगितले आहे. हलके, मोजके खावे हा त्यातला हेतू. त्यात पावसाळी हवेत तहान लागत नाही, म्हणून पाणी कमी पोटात जाते आणि त्याची भरपाई आपण चहाने करतो. एकादशीला खिचडी, वडे, बटाट्याचा कीस आणि चार कप चहा, आणि दिवसभर बैठक! वारकऱ्याची गोष्ट वेगळी. आळंदीहून पंढरपूरला पायी जाणाऱ्याच्या आतड्यांना चालणे हेच मोठे औषध आहे. एकादशीला आम्ही त्याचे अनुकरण करतो ते फक्त ताटापुरते.

पाण्यावरून आठवले. आमच्या लहानपणी वाड्यातल्या आडाच्या पाण्यात डाळ शिजत नसे आणि साबणाला फेस येत नसे. पाठ्यपुस्तकात त्याला ‘दुष्फेन’ असा शब्द होता. पुणे वसले आहे ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या काळ्या पाषाणावर. त्या पाषाणात मॅग्नेशियम आहे. त्यातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियमबरोबर तेही उतरते. धरणातले नळाचे पाणी त्या मानाने पुष्कळ मृदू. त्यासाठी पुन्हा आडाचे पाणी प्यावे असे कोणी सुचविणार नाही. शहरातील आडांची आजची अवस्था पाहता तर मुळीच नाही.

आता बाटलीविषयी. लंडनजवळच्या एप्समच्या कडू झऱ्याचे पाणी रेचक म्हणून सतराव्या शतकातच प्रसिद्धीस आले होते. ते मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ‘मिल्क ऑफ मॅग्नेशिया’ हे पांढरे औषध १८७३ मध्ये अमेरिकेत चार्ल्स फिलिप्स यांनी आणले. आम्लपित्तावर आणि बद्धकोष्ठावर ते गुणकारी आहे, यात शंका नाही. परंतु अधिकचे मॅग्नेशियम शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे. ती दुबळी असतील, तर तेच औषध अंगात साठते. ग्लानी येते, स्नायू शिथिल पडतात, रक्तदाब उतरतो.

आमच्या आत्याबाईंचे तसेच झाले. वयाची पंचाहत्तरी उलटलेली, वर्षाच्या चोवीसही एकादशा कडक, फराळाला केवळ साबुदाणा, आणि रात्री नेमाने दोन चमचे पांढरे औषध. ‘साधे दूधच ते!’ असे त्या म्हणत. एका कार्तिकात त्या दिवसभर पेंगू लागल्या, हाका मारल्या तरी डोळे उघडीनात. उपवासाचा थकवा असेल म्हणून आम्ही दोन दिवस घालविले, ही चूक आमची. डॉक्टरांनी रक्त तपासले, औषध बंद केले, आणि मूत्रपिंडांचे काम मंदावल्याचे सांगितले. त्या बऱ्या झाल्या. आणखी एखादा दिवस गेला असता तर काय, याचा विचार आम्ही अजूनही टाळतो.

याच्या उलट बाजूही आहे. आम्लपित्तावरील काही गोळ्या वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ घेतल्यास रक्तातले मॅग्नेशियम उतरू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली दिला. ओमेप्राझोल त्याच वर्गातले. फराळाने जळजळ, जळजळीवर गोळी, हा क्रम ज्यांच्या घरी कायमचा झाला असेल, त्यांनी आपल्या डॉक्टरांशी एकदा बोलावे. आणि मूत्रपिंडांचा विकार असणाऱ्यांनी तर राजगिऱ्याचाही फेरफार त्यांना विचारूनच करावा.

आत्याबाईंचा नेम मोडण्याची आमची छाती नव्हती. मोडण्याचे कारणही नव्हते. डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा पानात बदल झाला. सकाळी दुधात राजगिऱ्याच्या लाह्या. दुपारी वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि काकडीची कोशिंबीर. संध्याकाळी एक उकडलेले रताळे, सालीसकट. राजगिऱ्याची पालेभाजी उपवासाला चालते की नाही, यावर मात्र घरात आठवडाभर वाद चालला. आत्याबाईंच्या माहेरी चालत असे, सासरी चालत नसे. अखेर माहेरचा पक्ष विजयी झाला. साबुदाण्याची खिचडी अजून होते, वाटीभर, भरपूर कूट घालून. ती नातवंडांच्या हट्टासाठी असते, असे आत्याबाई सांगतात, आणि त्यांच्या वाटीतले दोन घास त्याही घेतात.