निळ्याच्या मागावर

न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, ज्याला सगळे नुसतं ‘मेट’ म्हणतात, पंधरा लाखांहून जास्त वस्तू आहेत. सगळं पाहायचा हट्ट धरला तर पाय बोलायला लागतात आणि डोक्यात काहीच उरत नाही. त्यापेक्षा एखादा रंग धरावा आणि तो नेईल तिकडे जावं. मी निळा धरला.

इजिप्तच्या दालनात ‘विल्यम’ भेटतो. वीतभर लांबीचा पाणघोडा, वय चार हजार वर्षांच्या घरात, अंगावर गडद रेषांनी रेखलेली कमळं. मातीचा वाटतो, पण नाही. दळलेली गारगोटी, क्षार आणि किंचित तांबं यांचा लगदा करून तो घडवला. लगदा वाळताना आतले क्षार आपसूक पृष्ठभागावर येतात आणि भट्टीत वितळून त्यांचीच निळी काच होते. झिलई वरून चढवलेली नाही, आतून उमटलेली आहे! तीन पाय मात्र नवे बसवलेत. मूळचे बहुधा मुद्दाम मोडले होते, थडग्यातल्या धन्याला या दांडग्या जनावराने परलोकात इजा करू नये म्हणून.

मेसोपोटेमियाच्या दालनात ऊर शहरातल्या थडग्यांमधलं शिरोभूषण आहे. सोन्याची पानं, लाल अकीक आणि गर्द निळे मणी. साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथे पुरलेल्या बायकांपैकी एकीचं हे लेणं. निळा दगड लाजवर्द, आणि तो आला अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरांतून. त्या काळात हजारो किलोमीटर!

तोच दगड मग युरोपीय चित्रांत रंग होऊन भेटतो. चित्रकार वर्मेरच्या चित्रातली तरुणी एका हाताने खिडकी उघडते आहे, दुसरा हात पाण्याच्या झारीवर. तिच्या पांढऱ्या शिरोवस्त्राच्या सावल्यांकडे जरा वेळ पाहा, त्या करड्या नाहीत, निळसर आहेत. हा रंग काढणं म्हणजे जिकिरीचं काम. नुसता दगड कुटला तर राखाडी पूड मिळते. म्हणून ती मेण, राळ आणि तेलात कालवून गोळा करायचा आणि क्षाराच्या पाण्यात मळत राहायचा. निळे कण पाण्यात उतरतात, कचरा गोळ्यातच राहतो. पहिलं पाणी सगळ्यात उंची, किंमत सोन्याच्या तोडीची. रसायनशास्त्र तर आणखी गमतीचं. ही निळाई गंधकाची, त्याच पिवळ्या गंधकाची! त्याचे तीन-तीन अणू स्फटिकाच्या पिंजऱ्यात अडकले की दगड निळा दिसतो.

१८२८च्या सुमारास फ्रान्समध्ये गिमे नावाच्या रसायनतज्ज्ञाने तोच रंग भट्टीत बनवला आणि भाव कोसळला. पुढे हीच भुकटी ‘नीळ’ म्हणून धुण्याच्या बादल्यांत गेली. आपल्या आजीने धोतरांना घातलेली नीळ आणि वर्मेरच्या सावल्या, दोन्ही एकाच पदार्थाच्या.

चिनी मातीच्या भांड्यांजवळ फार रेंगाळत नाही. तिथला निळा कोबाल्टचा, त्यातला पुष्कळसा इराणहून आलेला. कारागीर कुंचल्याने काळपट रेषा काढायचे, त्या निळ्या व्हायच्या थेट भट्टीत.

चित्रकार होकुसाईची ‘महालाट’ मात्र चुकवू नये. जपान म्हटलं की डोळ्यांसमोर येणारं हे छापचित्र १८३०च्या सुमाराचं, आणि त्यातला निळा ‘प्रशियन ब्लू’. तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडला, तोही अपघाताने! दूरच्या व्यापारातून जपानात पोहोचल्यावर तिथल्या छपाईकारांनी तो अक्षरशः डोक्यावर घेतला. पण मेटमधली प्रत भिंतीवर दिसेलच याची खात्री नाही, कारण उजेडाने कागद आणि रंग दोन्ही बिघडतात आणि अशी चित्रं आलटून-पालटून मांडतात. न्यू यॉर्कला जायची गरजही नाही म्हणा. २०१७पासून मेटने आपल्या संकेतस्थळावर हक्कमुक्त कलाकृतींची छायाचित्रं सर्वांसाठी मोफत खुली केली आहेत. विल्यमच्या पाठीवरचं कमळ तिथे हवं तेवढं मोठं करून पाहता येतं.