मोगलीची आई कोणती?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरोघरी एकच प्रश्न असतो, पोरांना भरदुपारी बसवायचं कुठे? यंदा आमच्या महिला मंडळातल्या आठ-दहा जणींनी मिळून तोड काढली. एकीकडे मोठा टीव्ही आहे. तिच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या, कैरीचं पन्हं केलं आणि मुलांना २०१६ चा ‘द जंगल बुक’ हिंदीतून लावून दिला. वाटलं होतं, मुलं सिनेमा बघतील आणि आपण मागे बसून गप्पा मारू. झालं उलटंच. आम्हीच बघत बसलो!

हा सिनेमा पहिल्यांदा आला तेव्हा माझा मुलगा तिसरीत होता. आम्ही त्याला घेऊन मुद्दाम नागपूरला गेलो होतो. सेन्सॉर बोर्डाने ‘यू/ए’ दिलं होतं, म्हणजे लहान मुलांनी मोठ्यांसोबतच बघायचा. ते का, हे नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान पहिल्यांदा गुरगुरला तेव्हा कळलं. लेकाने माझा हात असा धरला की नखांचे व्रण उठले. आता तो पुण्याला वसतिगृहात असतो. हात धरायचा तर दूरच, फोनसुद्धा मीच करते!

असो. सिनेमा संपल्यावर एकेकीची मतं सुरू झाली. दिसायला सुंदर आहे, यावर सगळ्यांचं एकमत. पाऊस, वेली, माकडांचं ते पडकं शहर, सगळं हुबेहूब. मी सांगितलं की, यातलं जंगल खरं नाहीच. दिग्दर्शक जॉन फॅवरो यांनी सगळं चित्रीकरण लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत केलं. पडद्यावर हाडामांसाचा दिसतो तो जवळजवळ एकटा मोगली, म्हणजे नील सेठी. बाकी प्राणी आणि झाडं संगणकावर घडवलेली. त्यासाठी २०१७ मध्ये ऑस्करही मिळालं. हे ऐकून एक वहिनी म्हणाल्या, “म्हणजे सगळं खोटंच? आणि मी मघाशी उगीच रडले!”

आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांचा मूळ पुस्तकावर फार जीव. त्या काही खूश नव्हत्या. म्हणाल्या, “अजगर का हा पुस्तकात मोगलीचा मित्र आहे, इथे त्याला बाई करून दुष्ट केलंय. माकडांचा तो राजा तर पुस्तकात नाहीच.” किपलिंगचा जन्म १८६५ चा, आपल्या मुंबईतला. पुस्तक आलं १८९४ मध्ये. गोष्ट घडते सिवनीच्या जंगलात, म्हणजे नागपूर जिल्ह्याला लागून. पण लिहिली अमेरिकेत बसून आणि सिनेमाही तिकडचाच. आपलं जंगल, पण सांगितलं दुसऱ्यांनी!

त्यावर आमच्या बचत गटातली एक मावशी बोलली. तिचं माहेर पेंचच्या जंगलाला लागून. ती म्हणाली, “आमच्याकडचा वाघ काही बोलत नाही, बाई. बोलला असता तं बरं झालं असतं. मोहफुलं वेचाले पहाटे अंधारात जा लागते, खाली वाकलं की मागं कोन हाय ते दिसत नाही.” सगळ्या गप्प झाल्या. सिनेमा आला होता तोही एप्रिलमध्येच, ऐन मोहाच्या दिवसांत. आपण थंड हवेत बसून जो वाघ बघत होतो, त्याच्या भीतीने कुणी तरी त्याच पहाटे टोपलं घेऊन निघालं असेल, हे माझ्या तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं.

तिलाच सर्वात आवडला तो पाण्याचा प्रसंग. दुष्काळात नदी आटते, मधला खडक उघडा पडतो आणि मग कुणी कुणाची शिकार करायची नाही, सगळ्यांनी शेजारी शेजारी पाणी प्यायचं. “आपल्या नळावर असं कधी होईल?” ती म्हणाली आणि हशा पिकला.

मग एका चिमुरडीने विचारलं, “मोगलीची आई कोणती?” सिनेमात त्याची माणसातली आई दिसतच नाही. दिसते ती लांडगीण, रक्षा. त्याला कळपातून जावं लागतं तेव्हा ती सांगते की, कुठेही गेलास तरी तू माझाच. शिक्षिकाबाईंनी पुस्तकातली मेसुआ सांगितली. तिचं बाळ वाघाने नेलेलं असतं. मोगली गावात येतो तेव्हा तोच आपला हरवलेला मुलगा असावा असं तिला वाटतं, ती त्याला दूध देते. गाव त्याला दगड मारून हाकलतं, पण तिची माया कमी होत नाही. सिनेमात मोगली शेवटी जंगलातच राहतो, त्यामुळे मेसुआला जागाच उरली नाही. मला ही उणीव फार जाणवली.

आमच्यातल्या एकीने तिची जाऊ गेल्यावर दीड वर्षाच्या पुतण्याला पदराखाली घेतलं. आता तो दहा वर्षांचा आहे. त्याला सगळं ठाऊक आहे, पण घरात त्यावर बोलायचं नाही, असा जणू नियमच. तोही तिथेच बसला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, विषय बदल म्हणून. पण तोच चटकन म्हणाला, “लांडगीणच आई. पण पहिलीपण असेलच ना कुणी तरी.” आणि पन्हं पिऊ लागला.

ती काहीच बोलली नाही. दोन दिवसांनी तिच्याकडे गेले, तर भिंतीवर जावेचा फोटो लावलेला. इतकी वर्षं कपाटात साड्यांखाली होता. म्हणाली, “तो आपल्याला परका समजेल, या भीतीने लपवला होता. काल त्यानेच स्टुलावर चढून खिळा ठोकला.”

सिनेमा चांगला की पुस्तक, हा वाद आमच्या मंडळात अजून मिटलेला नाही. तुम्हीही मुलांबरोबर जरूर बघा. मात्र संपल्यावर लगेच टीव्ही बंद करून उठू नका. थोडा वेळ बसा आणि मुलं काय म्हणतात ते ऐका.