वाळूचे जमाखर्च खाते

पावसाळा लागला की 'अमुक किनारा समुद्राने गिळला' अशी चर्चा दरवर्षी कानावर येते. पाठोपाठ 'दगडी भिंत बांधा' ही मागणीही येते. किनाऱ्यालगत घर, माड किंवा छोटा व्यवसाय असलेली कुटुंबे आपल्यातही आहेत, म्हणून हा विषय समजून घेतलेला बरा. आम्ही अभियंते नव्हेत. नोकरी बँकेत झाली. पण वाळूचा हिशेब खातेवहीसारखाच असतो.

खोल समुद्रात लाट पुढे जाते, पाणी मात्र जवळजवळ जागच्या जागी गोल फिरते. किनाऱ्याजवळ खोली कमी झाली की लाटेचा वेग घटतो, उंची वाढते आणि ती फुटते. ढोबळमानाने एक मीटर उंचीची लाट सव्वा मीटर खोलीवर फुटते. फुटताना ती तळाची वाळू ढवळते.

या वाळूचे दोन व्यवहार होतात. पहिला हंगामी. जून ते सप्टेंबर उंच लाटा वाळू आत ओढून नेतात. तिचा पाण्याखाली दांडा तयार होतो आणि मोठ्या लाटा त्याच्यावरच फुटू लागतात. पावसाळ्यानंतरच्या संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. म्हणजे जुलैत अरुंद दिसणारा किनारा बुडीत खाते नव्हे. ती काही महिन्यांची उचल असते.

दुसरा व्यवहार किनाऱ्याच्या लांबीने चालतो. लाट तिरपी आली की वाळूचा कण तिरपा वर चढतो आणि उताराने सरळ खाली येतो. असे करत तो शेजारच्या गावात पोचतो. वाटेत अडथळा आला, तर एकाकडे जमा आणि दुसऱ्याकडे खर्च.

गोव्यात हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज जून २००० मध्ये कांदोळीच्या किनाऱ्याजवळ रुतले आणि २०१२ पर्यंत तिथेच राहिले. त्याने लाटा अडवल्या. आडोशाच्या शांत पाण्यात वाळू साचली, तर सिंकेरीच्या बाजूला धूप झाली. कोणी न बांधलेला तो बांधच होता.

भिंतीचेही असेच. ती मागची जमीन वाचवते, पण लाट तिच्यावर आपटून परतते आणि पायथ्याची वाळू खरवडते. भिंत संपते तिथे शेजाऱ्याच्या जमिनीची धूप वाढू शकते. काही ठिकाणी भिंतीशिवाय इलाज नसतो. पण आधी अभ्यास हवा. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि पुण्याजवळ खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र हेच काम करतात. खडकवासल्याला तर बंदराची छोटी प्रतिकृती करून तिच्यात कृत्रिम लाटा सोडतात.

आपल्याला काय करता येईल? किनाऱ्यामागचे वाळूचे उंचवटे आणि त्यांवरची मर्यादवेल जपावी. ती आपली मुदतठेव आहे. वादळात तीच कामी येते. दुसरे, एकाच जागेवरून मे, ऑगस्ट आणि डिसेंबरात छायाचित्र काढून तारखेसह ठेवावे. चार-पाच वर्षांत उचल कोणती आणि खरे नुकसान कोणते, हे कळू लागेल. ग्रामसभेत बोलताना असा पुरावा हाताशी असला, तर आपले म्हणणे वजनदार ठरते.