आउटपुट कुठे जाणार, हे कोण ठरवतं?

मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर एखाद्या कमांडचं आउटपुट टर्मिनलऐवजी फाइलमध्ये हवं असेल, तर तीन कामं करावी लागत: आउटपुट फाइलला जोडा, कमांड चालवा, आउटपुट परत टर्मिनलला जोडा. १९६९मध्ये बेल लॅब्स मल्टिक्सच्या प्रकल्पातून बाहेर पडली. तिथल्याच केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या संगणकावर युनिक्स उभं केलं, आणि थोड्याच काळात ही तिन्ही कामं > या एका खुणेत बसली. फाइल उघडतं ते शेल, म्हणजे कमांड वाचून त्या चालवणारा प्रोग्राम. चाललेल्या कमांडला त्याची खबरही नसते.

या सोयीचा फटकाही याच रचनेतून येतो. आधी फाइल रिकामी होते, मग प्रोग्राम सुरू होतो. त्यामुळे जी फाइल सॉर्ट करायची, तिच्यातच > ने आउटपुट वळवलं, तर हाती कोरी फाइल येते.

प्रोग्राम बागेतल्या नळीच्या तुकड्यांसारखे एकमेकांना जोडता यावेत, असं बेल लॅब्सच्याच डग मॅकिलरॉय यांनी १९६४मध्येच लिहून ठेवलं होतं. १९७३च्या सुमारास थॉम्प्सन यांनी एका रात्रीत पाइप, म्हणजे एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला देणारी सोय, लिहून काढला. सुरुवातीला त्यासाठीही > हीच खूण होती. पण पुढे फाइल आहे की प्रोग्राम, याचा घोळ होई. मग | आली.

चुकांचे निरोप मात्र अजून आउटपुटमध्येच मिसळत. बेल लॅब्सच्या स्टीव्ह जॉन्सन यांनी याची आठवण सांगितली आहे. फोटोटाइपसेटरचा कागद उग्र वासाच्या यंत्रातून धुऊन काढावा, तर त्यावर सुबक अक्षरांत एकच ओळ: फाइल उघडता येत नाही. कुरकुर योग्य कानांवर गेली आणि दोनेक दिवसांत चुकांसाठी वेगळा प्रवाह निघाला. त्याचा क्रमांक 2; नेहमीच्या आउटपुटचा 1.

१९७९च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांच्या शेलमुळे 2> आणि 2>&1 रुळले: पहिली खूण चुका फाइलमध्ये पाठवते, दुसरी त्यांना आउटपुटच्याच वाटेला लावते. नवशिक्यांची गाडी इथे अजूनही अडते, कारण शेल या खुणा डावीकडून उजवीकडे वाचतं. ‘> नोंद 2>&1’ लिहिलं तर दोन्ही प्रवाह फाइलमध्ये जातात; क्रम उलटवला तर चुका टर्मिनलवरच राहतात.

१९८३मध्ये डॉस २.०नेही > आणि | उचलले. आज डॉकर कंटेनरमधले प्रोग्राम सहसा लॉगसाठी स्वतः फाइल शोधत बसत नाहीत. 1 आणि 2वर लिहून मोकळे होतात, पुढचं चालवणारा बघतो.