रॉकचा सम्राट कोण?

कोलकात्याच्या न्यू टाउनलगतच्या ‘अ‍ॅक्वाटिका’ वॉटर पार्कमध्ये ८ डिसेंबर २०२४ रोजी ब्रायन अ‍ॅडम्स गाऊन गेला. तरी थोर रॉक गायकाचा विषय निघाला, की बंगाली तरुणाई ‘फॉसिल्स’च्या रूपम इस्लामसाठी हिरीरीनं भांडते. १९९८ पासून हा बँड बांगलात रॉक गातोय. रूपमला पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला आहे.

मराठी माणसाचा हुकमी एक्का म्हणजे फ्रेडी मर्क्युरी! पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. मुख्य गायक होता ब्रूस मरे.

‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या सर्वश्रेष्ठ गायकांच्या २००८च्या यादीत फ्रेडी १८वा होता. हा अन्यायच. २०२३ साली तो १४वा झाला. ही यादी निव्वळ रॉकची नाही. तीत लता मंगेशकर ८४व्या आहेत.